मधली माती

ताईने लाँड्रीतली नोकरी सोडली त्या दिवशी ती खुरप्याला म्हणाली, "हे बघ, आता बुडलो तर दोघं बुडू. पण मी त्या इस्त्रीला परत हात लावणार नाही."

खुरप्या तिचा धाकटा भाऊ. शाळा सुटल्यापासून दुसऱ्याच्या नर्सरीत राबला, हातात कायम खुरपं, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. आईसुद्धा शेवटी शेवटी तीच हाक मारायची. रोपं मात्र त्याच्या हाताला लागायची. मेलेली काडी त्याने खोचली तरी पालवी फुटेल, असं तिथला मालकच म्हणायचा. मालकाचं तोंड गोड आणि वागणं कडू. एक दिवस दोघांचं वाजलं आणि खुरप्या घरी बसला.

ताईच्या नावावर आत्याने ठेवलेली जमीन होती. जमीन म्हणजे निव्वळ झाडी. वरच्या अंगाला जुनी, उंच झाडं, मध्ये एक मोकळा तुकडा, आणि तिथून खाली उतरलं की पाणथळ. वर्षातला बराच काळ तिथे पाणी साचलेलं, बेडूक ओरडतायत, लव्हाळा माजलाय. रस्ता वरच्या बाजूने जायचा. नर्सरीला अजून काय हवं? ताईच्या डोक्यात आलं आणि खुरप्याने उचलून धरलं.

मग कळलं की अडकित्त्यात सापडलोय. वरची झाडं तोडायची तर परवानगी नाही. खाली पाणथळाला हात लावायचा नाही. नुसता हातच नाही, तर पाणथळाच्या काठापासून बरंच अंतर सोडायचं, त्यात भराव नाही, शेड नाही, खड्डा नाही. म्हणजे सगळं येऊन ठेपलं त्या मोकळ्या तुकड्यावर. तो कोरडा ठरला तर नर्सरी. ओला ठरला तर परत इस्त्री.

ते ठरवायचं काम पाणथळ तपासनिसांचं. ते यायचे, माती बघायचे, झेंडे लावायचे. झेंड्याच्या अलीकडे तुम्ही राजे.

ताई कार्यालयात गेली तर कळलं, तपासनीस पाय मोडून घरी बसलेत आणि पुढची तारीख बरीच लांब. रोपं लावायचा हंगाम निघून गेला असता. ताई काय करणार, पत्ता काढून सरळ त्यांच्या घरी गेली. काय बोलली कुणास ठाऊक, पण ते यायला तयार झाले.

आले ते रिक्षातून. जाडजूड गृहस्थ, एक पाय प्लास्टरमध्ये, मांडीवर मातीचं गिरमिट, म्हणजे लांब दांड्याचं, पिळत जमिनीत घालायचं अवजार.

"आयुष्यभर चिखलात हिंडलो," रिक्षातून उतरता उतरता ते म्हणाले, "आणि पडलो कुठे, तर घरात स्टुलावरून. बायको म्हणते, दिवा बदलायला सांगितलं होतं, स्वतःला विझवायला नाही."

ताई हसली. तिथूनच ते तिचे काका झाले.

काका रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसले, प्लास्टरचा पाय उलट्या बादलीवर. खाली उतरणं शक्यच नव्हतं. नियमाने त्यांनी स्वतः माती काढायची, बरोबर मदतनीस असायचा, पण मदतनीस रजेवर. ते जरा वेळ झाडीकडे बघत बसले. मग ताईकडे बघितलं. मग खुरप्याकडे.

"तू नर्सरीवाला ना रे? म्हणजे मातीतलाच माणूस. घे हे. मी सांगतो तिथे घाल, हातभर आत जाऊ दे, आणि जे निघेल ते न मोडता वर आण. कुठलं कुठलं ते नीट लक्षात ठेव म्हणजे झालं."

"लक्षात कशाला," खुरप्या म्हणाला, "रोपांचा ट्रे आणतो. एकेका घरात एकेक ठेवतो."

"बघा! हे आमच्या मदतनिसाला सुचलं नसतं."

उन्हाचे दिवस होते. वरून जमीन सगळीकडे सारखीच दिसत होती, वाळका पाला आणि भेगा. काका म्हणाले, वरवर काय, कुणीही फसेल. पाणी बसून राहणारी जमीन आतून राखी होते, त्यात गंजासारखे तांबूस ठिपके येतात, आणि वास येतो गटारासारखा. पाणी आटलं तरी तो रंग जात नाही.

पहिली माती वरच्या अंगाला, एका वाकड्या झाडाच्या पायथ्याशी. निघाली ती छान, भुसभुशीत, चहाच्या भुकटीसारखी. ट्रेच्या पहिल्या घरात.

मग मोकळ्या तुकड्याच्या बरोबर मध्ये. खुरप्याने गिरमिट पिळलं. पहिला वीतभर भाग नीट गेला. मग ते जड झालं. ओढून काढलं तर टोकाला राखी, चिकट लोळा, त्यात तांबडे ठिपके. वास घ्यायला वाकावंही लागलं नाही.

त्याने वर बघितलं. मधे झाडं होती, खुर्ची दिसत नव्हती. ताईचं हसणं तेवढं ऐकू येत होतं. काकांना ती थर्मासातला चहा देत असावी.

ठरवून काही केलं नाही, असं तो नंतर स्वतःला पुष्कळदा सांगायचा. हातांनीच केलं म्हणे. हातांनी तो लोळा पाल्यात फेकला, भोकावर पाला ओढला, परत वाकड्या झाडाशी गेले, पहिल्या भोकाच्या शेजारी दुसरं पाडलं आणि ती चहाच्या भुकटीसारखी माती आणून ट्रेच्या मधल्या घरात बसवली. हात एवढं सगळं करत होते आणि खुरप्या जणू बाजूला उभा राहून बघत होता. पण हातांना पाय नसतात. चालत तोच गेला होता.

खालची माती त्याने अगदी खरी आणली. तिथे खोटं बोलायची गरज नव्हती.

काकांनी एकेक ढेकूळ बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मधल्यापाशी थांबले.

"ही मधली?"

"हो."

"नक्की? मला वाटत होतं, मधली ओली निघणार." त्यांनी परत वास घेतला. मग चेहरा उजळला. "नाही, नाही. कोरडी ठणठणीत. पोरांनो, नशीब काढलंत! बघ, म्हणूनच माती बघावी. नुसत्या अंदाजावर गेलो असतो तर तुमचं वाटोळं केलं असतं मी."

ताईने डोळ्यांना पदर लावला. काकांनी कागदावर स्वतः तपासल्याची सही केली. खुरप्याने त्यांनी सांगितलं तिथे, खालच्या उतारावर, झेंडे रोवले. एक झेंडा काही केल्या सरळ उभा राहीना. त्याने तो दगडाने ठोकून ठोकून बसवला.

*

नर्सरी झाली. मोकळ्या तुकड्यात खडी आणि विटांचे तुकडे टाकून जमीन उचलली, वर लोखंडी पाइपांची शेड, हिरवी जाळी, आत फळ्यांवर रोपं. ताईला विकायला काय सुंदर जमायचं! गिऱ्हाईक एक रोप घ्यायला यायचं आणि चार घेऊन जायचं. "हे एकटं नेऊ नका हो, कोमेजेल बिचारं, सोबतीला हे न्या." लोक हसायचे आणि न्यायचे.

काका प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत यायला लागले. कामासाठी नाही, सहजच. येऊन बाकावर बसायचे, रोपांकडे बघायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "भावंडांनी उभं केलंय बरं का! पाणथळाला धक्का न लावता. हे असं करता येतं. लोक मला शिव्या घालतात की हा माणूस कुणाला काही करूच देत नाही. त्यांना इकडे पाठवतो मी."

ते आले की खुरप्याला मागे काहीतरी काम निघायचं.

"काका आले की तुला बरं खत आठवतं रे," ताई म्हणाली एकदा. "लग्नाच्या मुलीसारखा लपतोस काय?"

एकदा काकांना एक नेचा आवडला. खुरप्याने पटकन तो पिशवीत घातला. "न्या काका, पैसे नकोत."

"छे रे! भलतंच. तुझ्याकडून मी वाळकं पानसुद्धा फुकट घेऊ शकत नाही." पैसे देऊन गेले. खुरप्याला ती नोट गल्ल्यात टाकवेना. ताईच्या हातात दिली आणि म्हणाला, तूच टाक.

मग पाऊसपाणी झालं आणि खालचं पाणी चढलं. झेंड्याशी थांबलं नाही. कसं थांबणार, पाण्याला थोडाच झेंडा दिसतो! शेडमध्ये खडीच्या सांध्यांतून ओल वर आली. खालच्या फळीवरची रोपं मुळापासून काळी पडायला लागली. खुरप्या भल्या सकाळी, ताई यायच्या आत, ती उचलून फेकायचा आणि आणखी खडी ओतायचा.

"किती खडी गिळतेय ही जमीन," ताई म्हणाली.

"बसतेय जरा. नवीन आहे ना."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. खुरप्याच्या मनात तर भरदुपार होती. कुठे लपावं तेच कळेना.

*

तक्रार केली ती विटावाल्याने. त्याला पाणथळाच्या पलीकडे गोदाम बांधायचं होतं आणि काकांनी त्याला सपशेल नाही म्हटलं होतं. त्याने येऊन बघितलं, ओली खडी बघितली, आणि सरळ वर कळवलं की तपासनिसाने पैसे खाल्लेत. नाहीतर मला एक न्याय आणि यांना एक कसा?

माणूस वाह्यात होता. पण काहीतरी काळंबेरं आहे हे त्याला बरोबर कळलं होतं, आणि खुरप्याला सगळ्यात जास्त त्याचाच राग आला, तो याचमुळे.

चौकशीला वरच्या कार्यालयातल्या बाई येणार असं ठरलं. त्याच्या आधीच एका दुपारी काका एकटे आले. आज बाकावर बसले नाहीत. "जरा बाजूला हो रे," म्हणाले, आणि शेडच्या मधोमध खडी काठीने सरकवून स्वतःच्या हाताने गिरमिट घातलं. पिळताना पायाने त्रास दिला असणार, कारण दातओठ आवळलेले होते.

राखी लोळा निघाला. तांबडे ठिपके.

काकांनी तो तळहातावर धरला आणि नुसते बघत राहिले. ताई गिऱ्हाइकाला तसंच सोडून आली.

"काय झालं काका?"

"माझं नाक गेलं," ते म्हणाले. "दुसरं काय. म्हातारं झालं की डोळे जातात, कान जातात. माझं नाक गेलं आणि मला कळलंसुद्धा नाही. हीच माती मी हातात धरून कोरडी म्हणालो होतो, तुझ्यासमोर."

"असं कसं होईल?"

"झालंय ना! पैसे खाल्ल्याचं म्हणतायत, ते जाऊ दे गं, ते म्हणणारे म्हणतात. पण मी रात्रंदिवस एकच हिशोब करतोय. अजून कुठे कुठे चुकलो असेन? किती लोकांना नाही म्हणालोय मी आजवर. एका माणसाला घर बांधू दिलं नव्हतं, बायका-पोरं घेऊन गाव सोडून गेला. तीही माती कोरडी असेल तर?" त्यांनी खुरप्याकडे बघितलं. कसली शंका नाही, काही नाही. उलट आधार शोधल्यासारखं. "तू होतास ना रे. आणताना तुला काही वेगळी वाटली होती का ती?"

खुरप्या सरकवलेली खडी पायाने परत लोटायला लागला.

"नाही काका."

"तेच तर. तुला नाही, मला नाही." त्यांनी माती फेकली नाही. रुमालात बांधून खिशात घातली, काठी घेतली आणि बस थांब्याकडे निघाले. "चौकशीत मी सांगेन, चूक माझी. तुमचं काय करायचं ते बाई ठरवतील. तुमचा काही दोष नाही हे मी लिहून देईन."

ते दिसेनासे झाल्यावर ताई म्हणाली, "बिचारे. किती खचलेत बघ."

खुरप्या पिंपाशी बसून रिकाम्या कुंड्या धुवायला लागला. एक धुतली. तीच परत धुतली.

"ताई, त्यांचं नाक नाही गेलेलं."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. पिंपात बघूनच सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढी छोटी गोष्ट होती की ती इतके दिवस पोटात मावत कशी नव्हती, याचंच त्याला नवल वाटलं.

ताईने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने हातातली झारी जमिनीवर ठेवली, अगदी हळू.

"आत्ता समोर उभे होते," ती म्हणाली. "विचारलं त्यांनी तुला. तोंडावर विचारलं."

"बोललो असतो तर शेड गेली असती ताई. तुझी नोकरी..."

"माझं नाव घेऊ नकोस! एकदम नाही घ्यायचं. मी सांगितलं होतं तुला, माझ्यासाठी माती बदल म्हणून? त्या माणसाला मी घरातून उठवून आणलं रे, मोडक्या पायाने. मी आणलं." तिचा आवाज फाटला. "बस यायचीय अजून. पळ."

खुरप्या पळाला.

*

थांब्यावर काका एकटेच होते. त्याला धापा टाकत येताना बघून म्हणाले, "काय रे, छत्री विसरलो की काय मी?"

उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. वाकडं झाड, दुसरं भोक, पाल्यात फेकलेला लोळा. मधेच बस आली. दार उघडलं, चालकाने बघितलं, काकांनी हात हलवला, दार मिटलं, बस गेली.

काकांनी खिशातून रुमाल काढला, सोडला, वास घेतला.

"म्हणजे शाबूत आहे," ते म्हणाले. खांदे एकदम खाली आले, आणि क्षणभर वाटलं की हसणार. "अरे देवा! शाबूत आहे. त्या दिवशी ती खरंच कोरडीच होती. मी बरोबर होतो."

"हो काका."

"बरोबर होतो मी," ते परत म्हणाले, पण या वेळी सावकाश, आणि वाक्य संपेपर्यंत हसू कुठल्या कुठे गेलं. "फक्त खुर्चीत बसलो होतो. खाली गेलो नव्हतो. आणि सही केली होती की गेलो होतो."

खुरप्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, खरं सांगितलं की निदान काका तरी सुटतील. पण खरं असं होतं की ते त्यांनाही घेऊन बुडणार होतं. नाक शाबूत ठेवायचं तर नाव जात होतं.

"काका, तुम्ही हे सांगूच नका," तो घाईघाईने म्हणाला. "मी म्हणतो ना, तुम्ही खाली आला होतात. तुम्ही काढली माती, आणि मी वर नेताना वाटेत बदलली. सगळं माझ्यावर घेतो. कुणाला कळणार आहे?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं, रोपावर कीड दिसल्यावर बघावं तसं.

"अजून एक? पहिल्याने पोट भरलं नाही तुझं?"

बस गेली त्या बाजूला काकांनी एकदा बघितलं.

"मला तुझा राग येत नाहीये, असं समजू नकोस. येतोय. फार येतोय. पण तू पोरगा आहेस, तुला हाव सुटली. मला काय झालं होतं? मला दया सुटली. नियम एवढ्यासाठीच असतो की दया आली तरी माणसाने खुर्चीतून उठावं." त्यांनी रुमालाची गाठ मारली. "चौकशीत बोलायचं. जसं झालं तसं. माझं वगळायचं नाही आणि स्वतःचं वाढवायचं नाही. आता जा, मला एकट्याला बसू दे."

*

चौकशीत तो बोलला. वरच्या बाईंनी मधे मधे थांबवून तेच परत विचारलं, ते त्याने परत सांगितलं. विटावाला दारात उभा होता. "सांगत होतो ना मी," एवढंच म्हणाला.

शेड उतरवायची, सगळी खडी बाहेर काढायची आणि जमीन होती तशी करायची, असा हुकूम झाला. काकांनी खाल्ले नाहीत हे मान्य झालं. पण त्यांचं फिरतीचं काम काढून घेतलं आणि त्यांना कार्यालयात खिडकीवर बसवलं.

ताई परत लाँड्रीत लागली. सकाळी इस्त्री, आणि तिथून सुटली की घमेलं घेऊन खडी काढायला. खुरप्या म्हणाला, तू राहू दे, माझं पाप मी उपसतो. तर म्हणाली, "पापाचं मला माहीत नाही. जमीन माझी आहे." त्यापलीकडे बोलायची नाही. घमेलं भरलं की नुसतं पुढे करायची.

वाचलेली रोपं तिने रस्त्याच्या कडेला, झाडांच्या सावलीत मांडली होती. कुणी थांबलं तर विकायची. सोबतीला दुसरं न्या, असं मात्र आता म्हणायची नाही.

खडी निघाली. ते कळवायला खुरप्याला कार्यालयात जावं लागलं. रांग होती. तो रांगेत उभा राहिला आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावरून काकांकडे बघत राहिला. चष्मा नवीन होता. काठी भिंतीला टेकलेली. ते कुणाला तरी शिक्का मारून देत होते, आणि बूट मात्र लखलखीत, एवढासुद्धा चिखल नाही.

त्याचा नंबर आला.

"काका..."

"बोला. काय काम आहे आपलं?"

"खडी काढून झाली. बघायला कुणीतरी यावं म्हणून..."

"नवीन तपासनीस येतील. आपण जागेवर हजर राहायचं. गिरमिटाला हात लावायचा नाही." त्यांनी शिक्का मारला, कागद खिडकीतून सरकवला. वर बघितलं नाही असं नाही. बघितलं. सगळ्यांकडे बघतात तसंच. "पुढचे कोण आहेत?"

खुरप्या रस्त्याच्या कडेच्या रोपांपाशी परत आला तेव्हा ताई त्यांना पाणी घालत होती. कित्येक दिवसांनी तिने आपण होऊन विचारलं.

"भेटले काका?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

खुरप्याला नीट सांगायचं होतं. चष्मा सांगायचा होता, बूट सांगायचे होते. पण एवढंच बाहेर पडलं,

"मला 'आपण' म्हणाले ते, ताई."

ताईच्या हातातलं पाणी एकाच रोपावर पडत राहिलं, कुंडी भरली, माती वाहून चालली. तिने झारी सरळ केली.

"मग काय म्हणायला हवं होतं?" ती म्हणाली. पण म्हणाली ती हळूच, आणि बाकावर जरा सरकून त्याला बसायला जागा केली.

तो बसला नाही. उभाच राहिला.